सहाव्या लेनचं घड्याळ

पोहण्याच्या स्पर्धेला पालक म्हणून जाणाऱ्याच्या हाती काहीतरी काम असावं, असं माझं पक्कं मत झालं आहे. रिकाम्या हातांनी गेलेला पालक दिवसभर वाट बघतो आणि वाट बघता बघता मुलाला सूचना देत सुटतो. शर्यत अर्ध्या मिनिटाची आणि सूचना मात्र सकाळी सहापासून! मी त्यातून वाचले ती गळ्यात अडकवलेल्या स्टॉपवॉचमुळे.

आमची दोन्ही मुलं पुण्यातल्या एका क्लबच्या तलावावर पोहायला जातात. थोरली नऊ वर्षांची, धाकटा सात. मे महिन्यात उन्हाळी शिबिर संपताना तिथे लहान मुलांची स्पर्धा होते. दोघांचीही ती पहिलीच. सरांनी पालकांच्या ग्रुपवर नावनोंदणीचा फॉर्म टाकला आणि खाली एक ओळ लिहिली, ‘टाइमकीपर कमी पडतात, इच्छुक पालकांनी कळवावे.’ तलाव २५ मीटर लांबीचा, सहा लेनचा. प्रत्येक लेनला तीन घड्याळं धरायची तर १८ माणसं लागतात, आणि एवढी माणसं क्लब कुठून आणणार? मी बँकेत कॅशच्या खिडकीवर बसते, मोजायची सवय आहे, असं सांगून नाव दिलं. खरं कारण असं की बाकावर नुसतं बसून राहणं मला झेपलं नसतं.

आदल्या संध्याकाळी मुख्य टाइमकीपरांनी आम्हा नवख्यांना तलावावर बोलावलं. निवृत्त गृहस्थ, उभा जन्म पाण्याच्या काठावर गेलेला. सगळे त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी प्रत्येकाच्या हातात घड्याळ दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘‘सुरुवात झाली हे कशावरून ओळखणार?’’ आम्ही एका सुरात म्हणालो, भोंग्यावरून. काका हसले. ‘‘आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. लहानांची २५ मीटरची शर्यत पलीकडच्या टोकाला सुटणार, तुम्ही अलीकडे उभे. भोंगा तुमच्या कानावर येईपर्यंत सेकंदाचे सात शतांश गेलेले असतात. प्रकाशाला तेवढाही वेळ लागत नाही. म्हणून ताई, भोंगा ऐकू नका, त्याच्यावरचा दिवा बघा. दिवा चमकला की बटण.’’

मग शेवट. मोठ्या स्पर्धांत भिंतीला टचपॅड असतं, हात लागला की घड्याळ आपोआप थांबतं. आमच्याकडे टचपॅड म्हणजे आमचा अंगठा. त्यासाठी तलावाच्या अगदी कडेला जाऊन, वाकून, आपल्या लेनच्या भिंतीकडे बघायचं. मूल कसं येतंय ते बघायचं नाही, हात भिंतीला कधी लागतो तेवढंच बघायचं. तीन घड्याळांत तीन वेगळ्या वेळा आल्या तर मधली धरायची. समजा ३१.४२, ३१.३६ आणि ३१.५१ आल्या, तर अधिकृत वेळ ३१.४२. दोन घड्याळं जुळली तर तीच वेळ. सरासरी काढायची वेळ येते ती एखादं घड्याळ बंद पडून दोनच उरली तर. एका बाबांनी विचारलं, ‘‘इतक्या लहान मुलांसाठी एवढं कशाला?’’ काका म्हणाले, ‘‘लहान मुलांसाठीच. मोठ्यांना वेळ चुकली तर भांडता येतं.’’

रोमची गोष्ट काकांना तोंडपाठ होती. १९६० च्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम शर्यतीत अमेरिकेचा लान्स लार्सन आणि ऑस्ट्रेलियाचा जॉन डेविट जवळजवळ एकदम भिंतीला लागले. लार्सनच्या तिन्ही टाइमकीपरांची घड्याळं दाखवत होती ५५.०, ५५.१ आणि ५५.१. डेविटच्या तिन्हींवर ५५.२. घड्याळांच्या हिशेबाने लार्सन पुढे. पण त्या काळी क्रमांक ठरवायचे डोळ्यांनी बघणारे पंच, आणि सुवर्णपदक डेविटला गेलं. लार्सनची नोंदलेली वेळही बदलून ५५.२ करण्यात आली. त्या वादानंतर यंत्राने वेळ मोजण्याची मागणी जोरात आली. ‘‘त्या सहा माणसांनी काम चोख केलं होतं,’’ काका म्हणाले, ‘‘त्यांचं कुणी ऐकलं नाही, तो भाग वेगळा.’’

म्युनिकला १९७२ मध्ये उलटाच प्रकार झाला. ४०० मीटर मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मॅकीला दोन सहस्रांश सेकंदांनी हरवून गेला, ४ मिनिटं ३१.९८१ सेकंद विरुद्ध ३१.९८३. त्या वेगाने पोहताना दोन सहस्रांशात माणूस जेमतेम तीन मिलिमीटर सरकतो. एवढी अचूक सारख्या लांबीची लेन कोणता गवंडी बांधणार? मग शतांशापर्यंतच मोजायचं ठरलं आणि वेळ सारखी आली तर क्रमांक वाटून द्यायचा. म्हणूनच २०१६ मध्ये रिओला १०० मीटर बटरफ्लायमध्ये सिंगापूरच्या जोसेफ स्कूलिंगच्या मागे मायकल फेल्प्स, चॅड ले क्लोस आणि लास्लो चेह अशा तिघांना मिळून रौप्यपदकं मिळाली. तिघांचीही वेळ ५१.१४.

बँकेत दिवसअखेर हिशेब जुळल्याशिवाय मला घरी जाता येत नाही. पण मोजणं कुठवर ताणायचं आणि कुठे थांबवायचं, याचा एवढा विचार मी कधी केला नव्हता.

लेन वाटताना मला सहावी आली. माझ्याबरोबर एक कॉलेजातला मुलगा होता, पूर्वी क्लबकडून पोहायचा. तो म्हणाला, ‘‘मावशी, आज आपल्याकडे शेवटचे येणार.’’ मला कळेना. त्याने समजावलं. सहा लेनच्या तलावात हीटमधला, म्हणजे एका वेळी सुटणाऱ्या तुकडीतला, सगळ्यात वेगवान पोहणारा तिसऱ्या लेनला, त्याच्याखालचा चौथ्या, मग दुसऱ्या, पाचव्या, पहिल्या, आणि उरलेला सहाव्या. आमच्या मुलांच्या आधीच्या स्पर्धांतल्या वेळा नव्हत्याच, म्हणून सरांनी सरावातल्या वेळांवरून लेन लावल्या होत्या. काठावरच्या लेनचा आणखी एक त्रास असतो. तिथे उठलेली लाट भिंतीवर आपटून परत येते, तीही त्या मुलाच्या तोंडावर. म्हणजे सगळ्यात हळू पोहणाऱ्याला सगळ्यात खवळलेलं पाणी. मी मनात म्हटलं, चांगलीच लेन मिळाली.

स्पर्धेच्या दिवशी माझे वडीलही आले होते. ते सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या गावचे. विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकलेले. एकदा का भोपळा सुटला की वरून कुणीतरी ढकलायचं आणि काठावरचे सगळे ‘हात मार, हात मार’ ओरडायचे, ही त्यांची शिकवणी. त्यांनी तलावाच्या कडेला उभे १८ टाइमकीपर, दोन्ही टोकांचे वळण-पंच, शिट्टीवाले रेफ्री असा सगळा लवाजमा बघितला आणि म्हणाले, ‘‘अगं, आमच्या विहिरीत पहिला कोण येतो हे बघायला कुणी नसायचं. बाहेर येतो का, एवढंच बघायचे.’’

मुलांच्या हातावर बॉलपेनने तीन आकडे लिहिले होते: इव्हेंट, हीट, लेन. मोठ्या मुलांना हे पाठ असतं, लहानांना हात बघून सांगावं लागतं. त्यानंतर मुलं पालकांकडून काढून मार्शलिंगच्या खुर्च्यांवर बसवली जातात. दोरी बांधलेली, पालकांना पलीकडे प्रवेश नाही. त्या दिवसातला सगळ्यात अवघड भाग हा, आणि तो पाण्याबाहेरचा. धाकट्याला शाळेतसुद्धा डबा उघडून द्यायला बाई लागतात. तो तिथे अनोळखी मुलांमध्ये टोपी घालून, एक हीट गेली की एक खुर्ची पुढे सरकत, आपला नंबर यायची वाट बघत बसला होता. एक आई दोरीवरून वाकून लेकाचा गॉगल घट्ट करायला बघत होती. मार्शल बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘असू द्या, मी करते.’’ पोहायला शिकणं हे शिबिरात झालेलं असतं. पहिल्या स्पर्धेत मूल शिकतं ते हे खुर्च्यांवरून पुढे सरकणं.

लहान-लहान शिट्ट्या म्हणजे तयार व्हा, एक लांब शिट्टी म्हणजे ठोकळ्यावर चढा. मग स्टार्टरचा ‘टेक युवर मार्क्स’. भोंगा. दिवा चमकला की आमचे अंगठे.

सकाळभर सहाव्या लेनला खरोखरच शेवटचे आले. बॅकस्ट्रोकमध्ये काठावरच्या लेनची गंमत नीट दिसली. आमचा तलाव उघड्यावरचा. उताण्या मुलाला वर नुसतं आभाळ दिसतं, सरळ जायला एकही रेघ नाही. ती मुलं हळूहळू लेनच्या दोराकडे सरकत, दोराला खांदा घासला की दचकून भिंतीकडे. भिंतीच्या पाच मीटर आधी डोक्यावर पताका बांधलेल्या असतात. त्या दिसल्या की हात मोजायचे आणि न बघता भिंतीला लागायचं, असं सरावात शिकवतात. तरी डोकं आपटेल या भीतीने बरीच मुलं पताकांखाली हात आखडत होती. उपडं होऊन भिंत बघितली की बाद, कारण पाठीवरच संपवायचं असतं. माझ्या लेनला आलेली एक छोटी पताकांपासून भिंतीपर्यंत डोळे गच्च मिटून आली. उपडी झाली नाही. तिच्या वेळेत ते पाच मीटर किती महाग पडले असतील, हे वाकून बघणाऱ्या आम्हा तिघांनाच ठाऊक.

मग ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये पिवळ्या टोपीची एक मुलगी आली. परतीच्या वाटेत तिच्या गॉगलमध्ये पाणी गेलं. तिने दोर धरला आणि थांबली. फ्रीस्टाइलमध्ये तळाला पाय टेकून उभं राहिलं तरी चालतं, पण तळावरून चाललं किंवा दोर ओढून पुढे सरकलं की बाद. तिने दोर धरूनच गॉगल काढला, पाणी झटकलं, परत चढवायला गेली तर पट्टा केसांत अडकला. बाकीच्या पाच लेनची मुलं पोचलेली. माझ्या हातातलं घड्याळ पळत होतं. माझ्या तोंडाशी ‘राहू दे गॉगल, ये तशीच’ आलं होतं. पण टाइमकीपरने मुलाला काही सांगायचं नसतं. माझ्या बाजूच्या मुलाने ओठ मिटून मान हलवली, मीही गप्प राहिले. शेवटी तिने गॉगल कपाळावर ठेवला आणि डोकं वर काढून आली. भिंतीला हात लागला, तिन्ही घड्याळं थांबली. श्वास परत येताच तिने विचारलं, ‘‘मावशी, किती झाले?’’ मी सांगितलं. तिने जरा विचार केला. ‘‘गॉगलसाठी थांबले होते, तेवढे वजा करा ना.’’

आम्ही तिघंही हसलो. वजा केले नाहीत. पण मला तेव्हा जाणवलं की ती आपला क्रमांक विचारत नव्हती. तिला तिचा हिशेब पाहिजे होता, थोडी सूट धरून. सहाव्या लेनला क्रमांकाचा मोह नसतो, त्यामुळे तिथे वेळ म्हणजे काय ते स्वच्छ दिसतं. पहिल्या येणाऱ्याकडे सगळा तलाव बघतो. शेवटी येणाऱ्याकडे तीन माणसं बघतात, आणि तीही पूर्ण लक्ष देऊन.

धाकट्याची २५ मीटरची शर्यत माझ्या समोरच झाली. तो पहिल्याच हीटला, चौथ्या लेनमध्ये होता. तो हीटमध्ये पहिला आला हे मला कडेच्या ओरडण्यावरून कळलं, कारण माझे डोळे सहाव्या लेनच्या भिंतीला चिकटले होते. बाहेर येऊन तो थेट विजयमंचाकडे गेला आणि एक नंबरच्या ठोकळ्यावर चढून उभा राहिला. त्याला खाली उतरवताना मार्शल बाईंची पुरेवाट झाली. हळू पोहणाऱ्यांच्या हीट आधी होतात, वेगवानांच्या शेवटी, आणि वेगळी अंतिम फेरी नसेल तर सगळ्या हीटमधल्या वेळा एकत्र लावून क्रमांक ठरतात, हे सात वर्षांच्या मुलाला कसं सांगणार? आजोबांनी सांगितलं. ‘‘तू तुझ्या विहिरीत पहिला आलास. अजून चार विहिरी बाकी आहेत.’’ त्याला ते पटलं. उरलेल्या हीट तो प्रतिस्पर्धी विहिरी म्हणून बघत बसला.

थोरलीची ५० मीटर ब्रेस्टस्ट्रोक नेमकी सहाव्या लेनला आली. आमच्याकडे पद्धत अशी की स्वतःचं मूल आपल्या लेनला असेल तर शेजाऱ्याशी जागा बदलायची. मी पाचव्या लेनला गेले. काकांनी लांबूनच बोट दाखवून माझी नजर पाचव्याच्या भिंतीकडे वळवली. दीड हातावरून माझी मुलगी भिंतीला लागली आणि मी दुसऱ्याच मुलीची वेळ लिहीत होते. थोरलीची वेळ चांगली आली असावी, असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं. थोड्या वेळाने निकालाच्या कागदावर तिच्या नावापुढे ‘बाद’ लिहून आलं.

पलीकडच्या टोकाला वळताना तिने एका हाताने भिंत धरली होती. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये वळताना आणि संपवताना दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. ते मी बघितलं नव्हतं, बघणं माझं कामही नव्हतं. ते ज्यांचं काम होतं त्या वळण-पंच बाई स्वतः आल्या. थोरली टॉवेल पांघरून माझ्याकडे रागाने बघत होती, जणू मीच तिला बाद केलं. ‘‘मी हात लावला होता!’’ बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या, आपले दोन्ही तळवे तिच्यासमोर एकदम धरले आणि म्हणाल्या, ‘‘लाव.’’ तिने एक हात लावला. ‘‘परत.’’ मग दोन्ही. ‘‘हां. पुढच्या वेळी असं.’’ एवढंच बोलून बाई आपल्या जागेवर परत गेल्या.

मी बाकावर असते तर काय झालं असतं ते मला माहीत आहे. मी तिची बाजू घेतली असती, कुणी बघितलं, कुठल्या कोनातून बघितलं असं विचारत रेफ्रींपर्यंत गेले असते. पण त्याच सकाळी माझ्या अंगठ्यावर दुसऱ्यांच्या आई-बापांनी विश्वास टाकला होता. पिवळ्या टोपीच्या आईने माझं घड्याळ तपासायला मागितलं नव्हतं. मग पलीकडच्या टोकाला उभ्या असलेल्या बाईंच्या डोळ्यांवर माझाही तेवढा विश्वास असायला हवा. स्पर्धेत सगळ्यांनी आपापल्या जागी उभं राहून दुसऱ्याच्या मुलाकडे नीट बघायचं असतं, तेव्हा कुठे आपल्या मुलाकडे कुणीतरी नीट बघतं.

त्या संध्याकाळी आमच्या घरात फ्रिजचं दार, लिफ्टचं दार, बाल्कनीची भिंत, सगळ्याला दोन-दोन हात लागत होते. धाकटाही लावत होता, त्याने ब्रेस्टस्ट्रोकमध्ये नावही दिलं नव्हतं तरी.

रात्री निकालाच्या कागदांचे फोटो ग्रुपवर आले. थोरलीच्या ५० मीटर फ्रीस्टाइलपुढे एक मिनिट आणि वर थोडे सेकंद होते. मुलांनी पेटकरांवरचा ‘चंदू चॅम्पियन’ सिनेमा पाहिलेला होता, त्यामुळे पहिला प्रश्न तोच आला: पेटकरांना किती लागले होते? १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहले आणि भारताला पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्णपदक मिळालं. ते सांगली जिल्ह्यातले, म्हणजे कृष्णेच्याच मुलखातले, असं म्हणून आजोबांनी त्यात थोडा स्वतःचाही वाटा काढून घेतला. थोरलीने वजाबाकी केली. मला वाटलं आकडा बघून ती खट्टू होईल. तिने तो कागदावर लिहून घेतला आणि आपल्या वेळेच्या खाली ठेवला, नुसता शेजारी असावा म्हणून.

आता क्लबमध्ये नवे पालक माझ्याकडे विचारायला येतात. मी त्यांना चार गोष्टी सांगते. काम मागा, मिळेल ते घ्या, घड्याळ नाही तर खुर्च्या लावायचं घ्या. लेन निवडून मागू नका. काठावरची मिळाली तर नशीब समजा, पोहणं तिथे जास्त वेळ बघायला मिळतं. मूल पाण्याबाहेर आलं की पहिल्यांदा टॉवेल द्या आणि ते विचारेपर्यंत वेळ सांगू नका. आणि विचारलंच, तर शतांशासकट पूर्ण सांगा. एक मिनिट नऊ असेल तर ‘मिनिटभर’ म्हणून ते नऊ सेकंद माफ करू नका. ते मुलाने स्वतः पोहून मिळवलेले असतात आणि पुढच्या वेळी त्यातले किती कमी करायचे, हे त्यालाच ठरवायचं असतं.